ग्रहणात घातलेली वेणी

माझी जीभ वाईट आहे. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी पोरं विषयाच्या गोडीनं नाही, माझ्या तोंडाच्या धाकानं पास झाली. निवृत्त झाले, नाशिक रोडची शाळा सुटली, इंदिरानगरात फ्लॅट घेतला, आणि आता बोलायचं कुणाला, असा प्रश्न पडला. नवरा गेलेला, मुलगा परदेशात. मग सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहाला मी शंकासमाधान सुरू केलं. बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला. त्यात कुणीही चिठ्ठी टाकायची, नाव लिहायची गरज नाही, उत्तर मी देणार.

लोक काय काय विचारायचे! नाग दूध पितो का. साप मारणाऱ्याचा फोटो सापाच्या डोळ्यात उतरतो का. पायाळू माणसावर वीज पडते का. लांडोर मोराचे अश्रू पिऊन अंडी घालते हे खरं का. हा शेवटचा प्रश्न एका रिटायर्ड इंजिनियरनं विचारला होता, अक्षरावरून मी ओळखलं. "अहो, तुम्हाला दोन मुलं आहेत ना? त्या वेळी तुम्ही किती रडला होतात ते सांगा, मग मोराचं मी समजावते," असं मी म्हटलं आणि हॉल पाच मिनिटं हसत होता. त्यांची बायको पुढच्या रविवारपासून यायची बंद झाली. झाली तर झाली.

एक गृहस्थ रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचे आणि वर जाऊन भीमाला हात जोडायचे. त्यांना मी चारचौघांत सांगितलं की ती लेणी भिक्खूंच्या राहण्यासाठी कोरलेली, पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि तुम्ही वीस वर्षं ज्याला भीम समजून नमस्कार करताय तो बुद्ध आहे. त्यांचा चेहरा पडला. तो पडताना बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माणूस माकडापासून झाला तर मग उरलेली माकडं का उरली, असं कुणीतरी दर महिन्याला विचारायचंच. "तुमचा चुलतभाऊ अजून गावाकडंच आहे ना? तो आला नाही म्हणून तुम्ही नाशिकला आलाच नाहीत, असं होतं का?" लोक माझ्याकडं विज्ञानासाठी येत नव्हते, दुसऱ्याचा पाणउतारा बघायला येत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हॉल भरायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. बायको बावीस-तेवीसची, बारीक, कमी बोलणारी. बरोबर सासू होती, नांदगावच्या बाजूची, शेतात राबलेली बाई. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल, पण मी तिला पहिल्या दिवसापासून 'आजी' म्हणायचे. घरात दहा-अकरा महिन्यांची मुलगी होती. सोफ्याला धरून उभी राहायला लागली होती. तिला ते लोक कधी उघडं ठेवायचे नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा लंगोटावर जाड झबलं असायचं.

एका रविवारी सासू आणि सून दोघी हॉलमध्ये आल्या. सून मुलीला मांडीवर घेऊन मागं बसली. मी चिठ्ठ्या संपवल्या तशी सासू उठून उभी राहिली.

"बाई, मला लिव्हता येत नाय, म्हून तोंडानंच इचारते. गर्भारणीनं ग्रहणात येणी घातली तर लेकराला शेपूट येतं का नाय येत?"

सगळा हॉल वळून सुनेकडं बघायला लागला. तिनं मान खाली घातली आणि मुलीच्या पाठीवरून पदर ओढून घेतला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. ही म्हातारी उत्तर मागायला आलेली नव्हती, सुनेची अब्रू काढायला आली होती. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच तोंडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजी," मी म्हटलं, "तुमच्या वेळी तुमच्या आईनं ग्रहणात काय केलं होतं हो? विळीला धार लावत बसली होती का? कारण ती सगळी धार तुमच्या जिभेला आलीय."

लोक खो खो हसले. सासू उभीच होती, हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मग मी फळ्याकडं वळले. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये चंद्र येतो, एवढंच ग्रहण. त्याला कुणाच्या केसांशी काय देणंघेणं? आणि शेपटी म्हणाल, तर पोटातल्या प्रत्येक बाळाला सुरुवातीला काही आठवडे ती असतेच. तुम्हाला होती, मला होती, या आजींनासुद्धा होती. मग ती जिरते. एखाद्याची राहून जाते. "या मुलीच्या आईनं काहीही चूक केलेली नाही," मी म्हटलं. "चूक असलीच तर आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांची आहे, आणि ते झाडावर राहत होते."

सुनेनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आजवर माझ्याकडं असं कुणी पाहिलेलं नव्हतं, माझ्या मुलानंसुद्धा नाही. ते मला चढलं.

हॉल रिकामा झाल्यावर सासू देवळात गेली, तेव्हा सून मला घरी घेऊन गेली आणि तिनं सगळं सांगितलं. सहावा महिना होता. सूर्यग्रहण, भर दुपारचं. सासूनं सकाळीच पाण्यावर, दुधावर तुळशीची पानं ठेवली होती आणि हिला आतल्या खोलीत खिडकीला चादर लावून बसवलं होतं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, अंगसुद्धा खाजवायचं नाही. उकाड्यानं केस मानेला चिकटायला लागले तशी हिनं नकळत त्यांची वेणी घालून टाकली. ग्रहण सुटल्यावर आंघोळीला बोलवायला सासूनं दार उघडलं तर ही वेणी घालून बसलेली. तेव्हा सासू काही बोलली नाही. बोलली ती मुलगी झाल्यावर. "येणीच उगवली," म्हणाली, आणि तेव्हापासून रोज म्हणत होती. नवराही आता तसंच म्हणायला लागला होता. पुढचं मूलही असंच निघालं तर काय करायचं, यापेक्षा हिला माहेरी पोचवलेली बरी, इथपर्यंत घरात बोलणं गेलं होतं.

"काकू, खरंच माझ्यामुळं नाही ना?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का? तुझा काही संबंध नाही."

ती ओट्याला टेकून हमसून हमसून रडली. मग तिनं मुलीचं झबलं वर केलं. कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, करंगळीएवढी मऊ शेपटी होती आणि तिच्या टोकाला चार काळे केस.

आता माझं काय झालं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. चौतीस वर्षं मी दर वर्षी अवशेषांगांचा धडा शिकवला. अक्कलदाढ, आंत्रपुच्छ, कान हलवणारे स्नायू, माकडहाड. पोरांना पाठ करायला लावला. आणि इथं ती माझ्यासमोर जिवंत, हलणारी. मला त्या मुलीत मुलगी दिसलीच नाही. मी मोबाइल काढला आणि वीसेक फोटो घेतले. संध्याकाळी बघितलं तर एकाही फोटोत मुलीचा चेहरा नव्हता.

पुढच्या रविवारी मी मुलीला हॉलमध्ये आणायला लावलं. आई आढेवेढे घेत होती. "अगं, एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं की तुझ्यावरचा आळ कायमचा जाईल," असं म्हणून मी तिला तयार केलं. टेबलावर चादर घातली, मुलीला पालथं निजवलं आणि पट्टी लावून शेपटी मोजून दाखवली. लोक खुर्च्यांवर उभे राहून मोबाइल धरत होते. कुणाच्या तरी पोरानं शेपटी ओढून पाहिली, मुलगी किंचाळली, सगळे हसले. मीही हसले. मी छान बोलले त्या दिवशी. टाळ्या पडल्या. सासू हॉलच्या दारातून तोंडाला पदर लावून निघून गेली आणि मला वाटलं, जिरली.

आठवड्याभरात जिन्यातली पोरं त्यांच्या दारासमोर उड्या मारायला लागली. हूप हूप करायची. "माकडीण, माकडीण!" सून वर आली, डोळे सुजलेले.

"काकू, आता ग्रहण कुणी म्हणत नाही. पण माकड म्हणतात. हे काढून टाकता येईल का? लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मणक्याचा फोटो काढा. पण यांना सुट्टीच मिळत नाही."

"डॉक्टर म्हणायचेच. चार तपासण्या सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडतं का? अगं, नुसती कातडी आहे. मी दाबून पाहिलंय, आत हाड नाही, काही नाही. बघते मी काहीतरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. सासू होती. चपला जिन्यात काढून ठेवलेल्या, पण उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

"बाई, तुमी शिकलेल्या. माझं चुकलं आसंल त्या दिशी. पर मी रोज पोरीला तेल लावते, आंगूळ घालते. तिचा डावा पाय उजव्यापरीस गार लागतो. अन् बारीक बी हाय. शेपटाच्या बुडाशी दाबलं की लेकरू कळवळतं. तेला कुनाला हात लावू देऊ नका."

"वाहवा! वेणी झाली, आता पायालाही ग्रहण लागलं का, आजी?"

"गिराणाचं नाय म्हनत मी," ती म्हणाली. "पायाचं म्हनते."

"तुमचं डोंबल," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. शाळेत एखाद्या पोरानं असं निरीक्षण करून आणलं असतं, हात लावून, दोन बाजूंची तुलना करून, रोज, तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. हे मला आता सुचतं. तेव्हा मला फक्त तिची नऊवारी आणि तिचं 'लिव्हता येत नाय' दिसत होतं.

आमच्याकडं चामखीळ घालवायला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, बहुतेकांना माहीत असेल. दोन-चार दिवसांत ती काळी पडून गळते. सगळ्या घरगुती उपायांत हा एक मी शाळेत नावाजायचे. केसात चमत्कार काही नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि भाग सुकतो, शुद्ध विज्ञान, असं सांगायचे. मीही लहानपणी माझ्या मानेवरची तशीच घालवली होती. घोड्याचा केस म्हणजे घाण, म्हणून मी रेशमी दोरा आणला आणि तो वीस मिनिटं पाण्यात उकळला. म्हाताऱ्यांचा उपाय, पण माझ्या पद्धतीनं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

सासू भाचीच्या लग्नाला नांदगावला गेली होती. नवरा पहिल्या शिफ्टला. सकाळी अकराची वेळ. आईनं मुलीला मांडीवर पालथं घट्ट धरलं. मी हात साबणानं धुतले, जंतुनाशक लावलं, शेपटीच्या मुळाशी दोरा दोनदा फिरवला आणि आवळला. मुलगी अशी ओरडली की आईचे हात सुटले. "धर नीट," मी खेकसले. तिनं धरलं. मी गाठ मारली.

"दोन मिनिटांचं काम. बघ, झालं."

"दुखतंय तिला, काकू."

"दुखणारच. तुला माकडाची आई म्हणवून घ्यायचंय का जन्मभर?"

तिसऱ्या दिवशी टोक काळं पडलं आणि मी खूश झाले. चौथ्या दिवशी सकाळी झबलं पाठीमागं ओलं होतं. शू नव्हती. स्वच्छ पाणी होतं, दोऱ्याखालून थेंब थेंब येत होतं. दुपारपर्यंत मुलगी तापानं फणफणली आणि मान मागं टाकून धनुष्यासारखी ताठ झाली. नवऱ्याला फोन केला, रिक्षा केली, मीही बरोबर गेले. रिक्षात सून एकच विचारत होती, "गळून पडताना असं होतं का, काकू?" मी हो म्हणत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर चित्र काढून नवऱ्याला समजावलं, मी शेजारी उभी होते. शेपटी म्हणजे पूर्वजांची आठवण वगैरे काही नव्हती. मुलीचा मणका खाली नीट जुळलेलाच नव्हता, आणि शेपटी ही त्याची वरची खूण होती. तिच्या मुळातून आत मज्जारज्जूपर्यंत वाट होती. ते वेळेवर बघितलं असतं तर ऑपरेशन करून पाय वाचवता आले असते. डावा आधीच थोडा अशक्त झाला असणार, ते म्हणाले, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? आता बांधल्यामुळं जंतू थेट आत गेले होते. मूल वाचेल. पायांचं त्यांना सांगता येत नव्हतं.

पाय आले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, उगाच कुणी आशेवर राहायला नको. दोन्ही पाय गेले, आणि शू-शीचं भानही गेलं. सोफ्याला धरून उभी राहिली होती, तेवढंच काय ते तिचं उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी सासू नांदगावहून परस्पर दवाखान्यात आली. आम्ही चौघं वॉर्डाबाहेरच्या बाकांपाशी होतो. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "तो दोरा कुणी बांधला होता?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या टाकीकडं पाहिलं. उत्तर सासूनंच दिलं.

"कोन बांधनार? हिनंच. मी नव्हते ना घरी. गिराणात बी हिचे हात गप नव्हते, अन् आता बी नाय."

सून नाही म्हणाली नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेले. नवरा भिंतीकडं तोंड करून उभा होता. "तुला आता घरात घेणार नाही," एवढंच तो म्हणाला, हळू आवाजात, तिच्याकडं न बघता. "लेकराची वाट लावलीस. पोटात असताना लावलीस आणि आताही लावलीस."

सून उठली आणि माझ्याजवळ आली. माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता.

"काकू, दोऱ्याचं मी कुणाला सांगणार नाही. मी धरलं होतं तिला, म्हणजे माझीच चूक. पण ग्रहणाचं काही नसतं, एवढंच यांना सांगा ना. पोटात असताना मी काही केलं नाही, एवढंच. तुमचं ऐकतील. तुम्ही आमच्या आईंना त्या दिवशी कसं सांगितलंत, तसं सांगा."

दोघंही ऐकत होती. सासूनं मान वर केली होती. नवरा वळला होता. खरंच सांगते, ते माझं ऐकायला तयार होते. एक वाक्य बोलायचं होतं, जे मी चौतीस वर्षं आणि कितीतरी रविवार बोलत आले होते. पण ग्रहणामुळं नाही म्हटलं की मग कुणामुळं, हा पुढचा प्रश्न होता. इतकी वर्षं प्रश्न घेतले आहेत, कुठल्या उत्तरामागून कुठला प्रश्न येतो ते मला चांगलं कळतं.

"काही गोष्टी विज्ञानालाही कळत नाहीत गं," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं, त्या दोघांना नीट ऐकू जाईल असं.

तिनं माझा हात सोडला. थोडा वेळ ती माझ्याकडं बघत राहिली, मी गंमत करतेय आणि आता पुढचं बोलेन, अशी. मी पुन्हा पाण्याच्या टाकीकडं पाहिलं. मग ती सासूपाशी गेली, फरशीवर बसली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली. "वेणी घालायला नको होती मी."